वीतभर सूत

मी कापसाचा पारखी. आता हात थरथरतात, पण ओळख तीच. कापसाचा पुंजका चिमटीत धरायचा, दोन्ही अंगठ्यांनी ओढायचा, तुटेपर्यंत बघायचं आणि सांगायचं की हा तेल्हाऱ्याचा, हा बार्शीटाकळीचा, आणि ह्या तिसऱ्यात तुम्ही पाणी मारलंय. असल्या माणसाचा भुताखेतांवर विश्वास बसणार तरी कुठून? बाजारात कुणी अमक्या पिंपळावर तमकं दिसलं म्हणून सांगायला बसलं, की मी एवढंच विचारायचो, "हात लावून पाह्यलं का बाप्पा?" नाही ना? मग पुढे ऐकण्यात मला रस नसे.

आपल्या मासिकात वाचकांनी पाठवलेले असे अनुभव छापून येतात. मी ते वाचतो आणि हसतो. मग ह्या वेळी कागद का ओढला? कारण एक अनुभव माझ्याकडेही आहे, आणि माझी पंचाईत अशी की त्याला मी हात लावून पाहिलेला आहे...

अमेरिकेत लढाई जुंपली होती, ते दिवस. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, तेव्हा सगळ्यांची नजर आमच्या वऱ्हाडावर आली. अमरावतीत नागपुरी दरवाजापासून कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. अकोल्याहून, तेल्हाऱ्याहून माणसं गाडीखालीच बिऱ्हाड करून राहायची. नाल्यांत कापूस, झाडांवर कापूस, म्हाताऱ्यांच्या मिशांत कापूस. त्या गर्दीत एक गोरा एजंट आला होता. बाजारानं त्याचं नाव बोंडसाहेब ठेवलं, कारण तो शेतात शिरून बोंडं फोडून बघायचा. मी त्याचा पारखी. माणूस तापट होता, पण मनानं चांगला, आणि हिंदुस्थानी अशी बोलायचा की ऐकणाऱ्याला हसू आवरू नये.

लिव्हरपूलचे व्यापारी वऱ्हाडी कापसाला नावं ठेवायचे. आखूड धागा, कचरा, सगळ्या गावांचा माल एकत्र कालवलेला. साहेब चिडला. त्यानं ठरवलं की ह्या गणपतला, म्हणजे मला, तिकडेच न्यायचं आणि त्या लोकांसमोर बसवून दाखवायचं, की वऱ्हाडात कापूस एक नाही, दहा प्रकारचा आहे आणि तो हातानं ओळखता येतो.

आता विलायत म्हणजे समुद्र, आणि समुद्र ओलांडणं म्हणजे जात गेली. भावकीतली माणसं घरी येऊन बसली. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. तोंड उघडलं ते मायनं.

"जात काय पायातला जोडा हाये, वाटेत निसटून जाईन?" ती म्हणाली. "जाईन पोरगं, अन् येईन. तुमी चहाड्या करासाठी बसले का इथी?"

माझी माय विधवा. तेल्हाऱ्याजवळ आमची काळी जमीन, ती काका वाहायचे. आम्ही दोघं अमरावतीत परकोटाच्या आत, माता खिडकीपाशी राहायचो. ज्यांनी अमरावती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, गावाभोवती कोसभर दगडी परकोट आहे. त्याला मोठे दरवाजे आहेत आणि माणसापुरत्या लहान वाटा आहेत. त्यांना खिडक्या म्हणतात. लहानपणी मी बाजारात हरवायचो, म्हणून मायनं मला एक युक्ती शिकवून ठेवली होती. "घाबरू नोको. कोट धर, अन् देवाले फेरी मारतो तसा चालत राह्य. आपली खिडकी येतेच."

माय डावरी होती. टकळीवर सूत काढायची, तेही डाव्या हातानं, त्यामुळे सुताला उलटा पीळ पडायचा. कोष्टी ते घ्यायचा नाही, म्हणायचा, "काकू, तुमचं सूत मागावर भांडते." घरात वाती, पुडक्यांना बांधायची दोरी, माझा लहानपणचा करगोटा, सगळं त्या भांडखोर सुताचं. तेल्हाऱ्याचा कापूस आणि उलटा पीळ. डोळे बांधून दहा सुतं हातात दिलीत तरी मी मायचं काढून देईन.

आणि तिचे डोळे चालले होते. आधी सुईचं नाकं दिसेना, मग तांदळातले खडे, मग चुलीपलीकडला माणूस. डोळ्यांत सारा, म्हणजे मोतीबिंदू, उतरत होता. वैदू म्हणाला, वर्षभर नजर राहिली तर खूप झालं.

पोळा झाला आणि मी निघालो. बैलांच्या दमणीत बसताना मायनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "आखाजीलोक ये," ती म्हणाली. "तवरोक नजर धरून ठेवतो मी. मले तुयं तोंड पाह्याचं हाये रे, हातानं चाचपून नाई."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. मी हो म्हटलं. आयुष्यात इतकं घाबरून मी कधी हो म्हटलेलं नाही.

खानदेशापर्यंत दमणी, पुढे आगगाडी, मग स्टीमर. लिव्हरपूलच्या तीन महिन्यांबद्दल लिहायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. माझं मी शिजवून खाल्लं. व्यापाऱ्यांनी माझ्यासमोर सँपल ठेवले, मी गावं सांगितली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कापसाचे चाळीस इंग्रजी शब्द शिकलो. वाट विचारायचा एकही नाही.

परत निघायच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाला, "गनपत, हमारा माँ से मिलके आएगा. तुम भी चलो."

लिव्हरपूलहून आगगाडीनं तासाभरावर चेस्टर नावाचं जुनं गाव आहे. साहेबाची आई तिथे नदीजवळ राहायची. ऐंशीच्या घरातली, वाकलेली, लाल गालांची म्हातारी. तिनं माझ्या पागोट्याला हळूच बोट लावून पाहिलं आणि लहान मुलीसारखी हसली. आमचा साहेब, ज्याच्या आवाजानं अमरावतीतले हमाल दचकायचे, तो तिच्यासमोर स्टुलावर बसून मुकाट्यानं दूध प्यायला.

दुसऱ्या दिवशी दोनच्या गाडीनं परतायचं होतं. संध्याकाळच्या भरतीबरोबर स्टीमर सुटणार होती.

"सुबह घूमो, गाव देखो," साहेब म्हणाला. "लेकिन दो बजे स्टेशन. जहाज किसी के वास्ते रुकता नहीं, गनपत. हमारे वास्ते भी नहीं."

चुकलो तर काय, तेही त्यानं सांगून टाकलं. हिंदुस्थानात जाणारा ओळखीचा माणूस पुढे थेट पावसाळ्यानंतर. तोवर मी लिव्हरपुलात आणि माय... तो हिशेब मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

उजाडताच मी बाहेर पडलो. ऊन पडलं होतं. विलायतेतलं ऊन म्हणजे नुसतं दिसतं, लागत नाही. गल्लीच्या टोकाला आलो, मान वर केली, आणि जागच्या जागी थांबलो. समोर परकोट! गावाभोवती सबंध दगडी परकोट, दरवाजे असलेला. लाल दगडाचा, हात लावला तर गेरूसारखा रंग बोटांना येणारा. आणि गंमत म्हणजे त्याच्या माथ्यावरून लोक फिरत होते. आमच्याकडे परकोटावर चढला की शिपाई शिव्या घालायचा. इथे पायऱ्याच केलेल्या. बायका टोपल्या घेऊन चालल्यात, एक पाद्री पुस्तक वाचत चाललाय.

मीही चढलो, आणि गाव उजव्या हाताला ठेवून एक सबंध फेरी मारली. एका अंगाला नदी, नदीवर जुना पूल आणि पाण्याचा बांध. मग मोठं कुरण, त्यात गाई चरत होत्या. आमच्यापेक्षा दुप्पट आणि वशिंडाशिवाय. पुढे कोपऱ्यावर एक बुरूज मुख्य भिंत सोडून नदीकडे पार पुढे गेलेला. तिथेच भिंतीखालून आगगाडी जाते! परकोटाच्या पोटातून धूर निघाला तेव्हा मी दोन पावलं मागेच सरलो. उत्तरेला खडक फोडून काढलेला कालवा, त्यात घोड्यानं ओढलेली नाव. मग त्यांचं मोठं देऊळ, तेही लाल दगडाचं, आणि शेवटी पूर्वेचा दरवाजा. त्या दरवाजातून बाहेर पडलं की स्टेशन. ही खूण मनात पक्की केली.

फेरी पुरी झाली तेव्हा मला इतका आनंद झाला की एकटाच हसलो. अंतरसुद्धा आमच्या परकोटाएवढंच, कोसभर. वाटलं, मायला सांगितलं पाहिजे.

मग गावात उतरलो. त्या गावात रस्त्यावर दुकानं, आणि दुकानांच्या माथ्यावर पुन्हा दुकानं. वरच्या दुकानांपुढे लांबच लांब ओसरी, पाऊस आला तरी माणूस कोरडाच चालेल. लाकडी घरांवर काळ्या-पांढऱ्या नक्ष्या. देवळाला बाहेरून फेरी मारली, आत डोकावलो. म्हातारा झाडूवाला माझ्याकडे बघून मानेनं ये म्हणाला. मी जोडे काढले. त्याला त्याचं फार नवल वाटलं. त्यानं माझे जोडे स्वतः उचलून बाजूला नीट ठेवले. दुकानांतून हिंडता हिंडता बरा वेळ गेला. पुलापाशी जाऊन फुटाणे आणि गूळ खाल्ला. देवळाच्या घंटांनी बारा वाजवले. वाटलं, कितीतरी वेळ आहे...

आणि नदीतून धुकं उठलं.

आपल्याकडे पौषात पहाटे पडतं, ते धुकं नव्हे. हे पिवळट, ओलं, आणि पाहता पाहता आलं. आधी बांध गेला, मग पूल गेला, मग माझेच पाय दिसेनात. हळूहळू गल्ल्यांतून निघालो तर दोनदा त्याच भिंतीवर आपटलो. वाट विचारली, तर "स्टेशन" एवढा शब्द मला येत होता. पण लोक जे उत्तर द्यायचे ते मला येत नव्हतं. घंटेनं एक वाजवला.

तेव्हा मायची युक्ती आठवली. कोट धर. चाचपडत पुलाजवळच्या पायऱ्या शोधल्या आणि परकोटावर चढलो.

आता इथे मी जी चूक केली ती आमच्याकडचाच माणूस करू जाणे. पुलापासून पूर्वेचा दरवाजा, नदीकडे तोंड केलं तर, डाव्या अंगानं पाव तासाच्या वाटेवर आहे. पण तसं गेलं तर गाव डाव्या हाताला येतं. उलटी फेरी! जन्मात कधी उलटी फेरी मारली नव्हती. डोक्यानं विचारसुद्धा केला नाही, पायच सवयीनं सुलट्या बाजूला वळले. म्हणजे सगळा परकोट वळसा घालून जायची लांबची वाट. ही अक्कल मला कुरणाच्या बाजूला पोचल्यावर आली. परत फिरावं की पुढे जावं? पुढेच गेलो, जवळजवळ धावत.

मग खालून आगगाडीची शिटी ऐकू आली. अगदी पायाखालून. मला वाटलं, स्टेशन इथंच! तो भिंत सोडून पुढे गेलेला बुरूज, ते भिंतीखालचे रूळ, सकाळी पाहिलेलं सगळं मी विसरलो. आवाजाच्या मागे गेलो, वाट बुरुजापाशी संपली, पायऱ्या उतरलो. खाली चिखल, झुडपं, कुंपण. पुन्हा वर आलो, तेव्हा गाव कुठल्या हाताला आणि बाहेर कुठल्या हाताला, काही म्हणता काही कळेना. दोन्हीकडे पिवळं धुकं. घंटा वाजली, पण ती कुठल्या दिशेनं वाजली तेही कळलं नाही.

मी खाली बसलो. लाज कसली, रडलो. आगगाडी जाणार, स्टीमर जाणार, आणि पावसाळ्यानंतर मी घरी जाईन तेव्हा माय हात पुढे करून माझं तोंड चाचपेल. मी मोठ्यानं म्हटलं, "माय वं, चुकलो मी."

उठण्यासाठी कठड्यावर हात टेकला, आणि हाताला सूत लागलं.

दगडाच्या माथ्यावरून गेलेलं सूत. धुक्यानं ओलं झालेलं. मला काही दिसत नव्हतं, पण बोटांना दिसायची गरज नसते. सवयीनं ते चिमटीत फिरलं. हातानं काढलेलं, गिरणीचं एकसारखं असतं, हे जाड-बारीक होतं. एक पदर सोडवून अंगठ्यांनी ओढला. आखूड, खरबरीत, तुटताना जरा हट्ट करणारा... तेल्हाऱ्याचा. मग पीळ पाहिला.

उलटा.

मला लुगडं दिसलं नाही, हाक ऐकू आली नाही, कसला वास आला नाही. बाकी लोक आपल्या अनुभवांत हे सगळं लिहितात, म्हणून स्पष्ट सांगतो. फक्त सूत होतं, आणि ते ताणलेलं होतं. पलीकडच्या टोकाला कुणीतरी ते घेऊन चालत असावं, तसं हलकेच ओढ घेत होतं. सकाळी मी ह्याच भिंतीवरून गेलो होतो. तेव्हा तिथे काही नव्हतं.

ते सूत मुठीतून सरकवत मी चालू लागलो. विचार केला नाही. मायनं बोट धरलं असताना कोण विचार करतो? एका ठिकाणी दगडाच्या सांध्यात काही तरी बोटाला टोचलं, रक्त आलं, तरी थांबलो नाही. खाली पाण्याचा आवाज आला, म्हणजे कालवा. मग जवळच घंटा घुमल्या, म्हणजे देऊळ. मग पायाखाली चाकांचा खडखडाट. मी दरवाजावर उभा होतो. पूर्वेच्या.

सूत पुढे गेलं होतं, गावाला वळसा घालत. मला तिथेच उतरायचं होतं. पण सोडवेना हो... पाच महिने झाले होते तिच्या हाताचं काही हाताला लागून. पीळ उकलला, उलट्या बाजूनं, जसा तिच्या सुताचा उकलावा लागतो, आणि वीतभर तोडून घेतलं. पागोट्यात खोवलं आणि पायऱ्या उतरून धावत सुटलो.

साहेब डब्याच्या दारात उभा राहून गार्डाशी भांडत होता. मला दंडाला धरून त्यानं आत ओढलं आणि गाडी हलली. माझा दम परत आल्यावर मी ते सूत त्याला दाखवलं. त्यानं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मिस्त्री लोग का डोरी होगा," तो म्हणाला. "दीवार का काम चलता है."

असेल. मीही स्वतःला तेच सांगितलं. तेल्हाऱ्याचा कापूस लिव्हरपूलला येतोच, कुणी डावऱ्या म्हातारीनं तिकडे तो काढलाही असेल. संध्याकाळी स्टीमरवर चढलो तेव्हा धुकं फाटलं होतं आणि नदीवर सबंध गोल चंद्र होता. माघाची पौर्णिमा. परदेशात मी तिथ्या चंद्रावरूनच मोजत होतो, म्हणून ही पक्की लक्षात आहे.

परतीच्या वाटेवर मी ते सूत पुष्कळदा काढून पाहिलं. प्रत्येक वेळी पीळ उलटाच निघाला.

अकोल्याला मावशीकडे उतरलो. मायची सख्खी बहीण. भाकर वाढता वाढता तिनं तोंड सोडलं.

"तुया मायनं तं कहर केला रे बाप्पा. तू गेल्यापासून टकयी घेऊन बसली, ना दिवस पाह्यला ना रात. मी गेली होती तिच्याकडं. पुसलं, काहून वं एवढं सूत? तं म्हने, कोटाले गुंडायतो."

"कशाले?"

"तू सुखरूप यावा म्हून. मी म्हनलं, वडाले गुंडायतेत बाई, कोटाले कोन गुंडायते? तं मले म्हने, वड नवऱ्यासाठी असते, मले आता त्याचा हक नाई. पोरासाठी मी कोट धरला. अन् गुंडायलं ना! एकटी, चाचपत चाचपत, सबंध कोटाले. लोक हसून रायले अन् ही चालून रायली."

मी घास खाली ठेवला. "कोन्या दिवशी, मावशी?"

"माघाच्या पुनवेले. सकाळी धरली ते दिवे लागले तवा पोचली."

साहेबानं मला एकदा घड्याळ दाखवून समजावलं होतं. तिकडे दुपार असते तेव्हा आपल्याकडे दिवे लागायची वेळ असते. जेवण झाल्याबरोबर दमणी जुंपायला सांगितली.

अमरावतीला पोचलो तेव्हा आखाजीला पाच दिवस होते. ऊन उतरलं होतं. माय माता खिडकीच्या बाहेर दगडावर बसलेली होती, वाटेकडे तोंड करून. मी दमणीतून उडी मारली. तिनं आवाजाकडे मान वळवली, डोळे बारीक केले, पण माझ्या गळ्यात पडली नाही. तिच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते हे:

"आला का? आता सांग, मायं ईतभर सूत कोनं नेलं?"

माझा हात पागोट्याकडे गेला.

"ऐक ना. एवढं मापून काढलं होतं, कोटाले पुरून गाठीपुरतं उरीन असं. बाभयीचा काटा सांधीत खोचू खोचू नेलं. सांजच्याले, आपल्या खिडकीपासून थोडं मांगं, सूत एकाएकी ताठ झालं रे हातात. मांगून कोनी धरून चालून रायलं असं. मी बी मंग हयूहयू चालली, म्हनलं, येऊ दे बाप्पा ज्याले यायचं त्याले. अन् मंग हिसका बसला अन् तुटलं. सांधलं म्या. पर इथी आली तं गाठ माराले ईतभर कमी! दोन महिने झाले, नवस अपुरा पडून हाये. हे पाह्य."

तिनं माझा हात धरून खिडकीच्या दगडाकडे नेला. सबंध परकोटावरचं सूत शेळ्यांनी, वाऱ्यानं, पोरांनी कधीच ओढून नेलं होतं. पण खिडकीच्या दोन अंगांना दोन खुंट्या होत्या. एकीवर सुरुवातीचं टोक गुंडाळलेलं, दुसरीवर शेवटचं. दोन्ही टोकं एकमेकांकडे लोंबत होती. मधे वीतभर जागा.

मी पागोटं काढलं. ते सूत तिच्या हातात दिलं. तिनं चिमटीत फिरवलं, अगदी मी फिरवतो तसं. ही विद्या मला तिच्याकडूनच आलेली. पीळ पाहिला.

"तुया पाशी होतं," ती म्हणाली. विचारलं नाही तिनं, नुसतं म्हटलं. "मंग ठीक हाये. बांध."

मी बांधलं. इकडे एक गाठ, तिकडे एक गाठ. दोन्ही गाठी बसल्या आणि उरलं काहीच नाही. बोट चोळताना मला टोचल्याची ती जागा आठवली. विलायतेत मी एकही बाभूळ पाहिलेली नाही.

मग तिनं माझी हनुवटी धरली आणि तोंड मावळतीच्या उजेडाकडे वळवलं. आपलं तोंड अगदी जवळ आणलं, इतकं की तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या, वाढलेली दाढी पाहिली. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून. तिला घाई नव्हती, आणि मी पापणीसुद्धा हलवली नाही.

"वायला रे," ती म्हणाली. "पर हाये तसाच हाये."

पुढचं थोडक्यात. भावकीनं मला पंचगव्य पाजून शुद्ध करून घेतलं. साहेब वाटेत कामासाठी मागे थांबला होता, तो अमरावतीला परतल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "हमारा माँ को लिखेगा," आणि खरंच लिहिलं. आणि मृगाचा पाऊस लागायच्या आत मायची नजर पूर्ण गेली. एका सकाळी उठली आणि म्हणाली, "दिवा काहून नाई लावला?" बाहेर लख्ख ऊन होतं.

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. मी सून आणली, नातवंडं झाली, त्या सगळ्यांना तिनं हातानंच ओळखलं. पण माझ्या तोंडाला तिनं पुन्हा कधी हात लावून पाहिला नाही. कुणी म्हटलं, गणपतचे केस पिकले, तर ती मान हलवायची. "मले ठाव हाये तो कसा दिसते. मी पाह्यला हाये त्याले."

स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही. मिस्त्र्याची दोरी, योगायोग, दमलेल्या माणसाचा भास... तुम्ही जे म्हणाल ते मी आधीच म्हणून पाहिलेलं आहे. मी पारखी माणूस, माझ्या हाताला लागलं तेवढंच सांगतो. कापूस तेल्हाऱ्याचा होता, पीळ उलटा होता आणि लांबी एक वीत. आणि त्या वीतभर सुतामुळे माझ्या मायनं माझं तोंड एकदा पाहिलं.